त्रेचाळीस केळवणं

मंडळी, ऐका. एक साधा प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका, घरी बायकोला विचारून द्या, म्हणजे बरोबर येईल. प्रश्न असा — घरात लग्न आहे. माणसं बोलवायची दीडशे. दीडशे म्हणजे दीडशे, एकशे एक्कावन्नावं नाही. तर आपलं माणूस कोण, हे कशावरून ठरवाल?

नात्यावरून? सख्खा चुलत भाऊ आहे, पण नऊ वर्षं बोलत नाही. शेजारावरून? शेजारी रोज बोलतो, पण काय बोलतो ते आपण भिंतीला कान लावून ऐकतो! मग कशावरून? त्यांनी आपल्याला बोलावलं होतं म्हणून? अहो, मग ते निमंत्रण नव्हे, ती परतफेड झाली.

कीर्तनाच्या पूर्वरंगात आपण 'भाव' या एका शब्दावर पाऊण तास घालवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. काहींच्या माना झोपेनं डोलत होत्या, तेही मी पाहिलं. आता उत्तररंगात भाव म्हणजे काय ते दाखवायचं. त्यासाठी रुक्मिणीचं लग्न लावणार होतो. फार स्वस्तात झालेलं लग्न आहे ते — एक पत्र, एक रथ, संपलं. मंडप नाही, केटरर नाही, यादी नाही; आणि न बोलावता जे आले ते भांडायला आले! पण ते तुम्हाला पाठ आहे. आणि तुमच्या मुलीनं तसं केलं तर तुम्हाला चालणारही नाही. म्हणून आज जवळचं घेतो. देवरुखचं.

देवरुखला मुरलीधर रेडीज नावाचे गृहस्थ. एसटीत वाहतूक नियंत्रक. म्हणजे स्टँडवर खिडकीत बसून कुठली गाडी कितव्या फलाटाला लागणार, किती वाजता सुटणार, हे सांगणारा माणूस. गाव त्यांना कंट्रोलरच म्हणायचं. तीस वर्षं ही नोकरी केली, त्यामुळे घरातही सगळं वेळापत्रकानं. पाहुणा आला की चहाच्या आधी विचारणार, परत कधी? बिचारा पाहुणा चहा घेऊनच उठायचा.

त्यांच्या पत्नी शरयूवहिनी. फार शांत बाई. शांत म्हणजे बोलत नसत असं नाही. नवऱ्याचं बोलून होईपर्यंत थांबायच्या. अठ्ठावीस वर्षांत त्यांची पाळी फारशी आली नव्हती, इतकंच.

आणि मुलगी शलाका. हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवते. तिचं लग्न ठरलं कोल्हापूरच्या निनादशी. मुलगा चांगला, घर साधं, मागणी काही नाही. उलट मुलाच्या आईनं सांगितलं, आमची साठ माणसं येतील, त्याहून एक जास्त आली तर मला विचारा.

आता चित्रकलेच्या बाईंचं लग्न. तिच्या डोळ्यांपुढे ते कधीच काढून, रंगवून तयार होतं. मंगल कार्यालय नको. आजोळी लक्ष्मीकेशवाचं देऊळ आहे, त्याच्या पटांगणात लग्न. तांबडी सारवलेली जमीन, समोर दीपमाळ, आणि मामाच्या मळ्यातला मोगरा. पत्रिका तिनं स्वतः लाकडी ठसा कोरून, शाळेतल्या रंगानं छापल्या. अंगावर आईचाच शालू, फक्त नवे काठ. आणि जेवण? बुफे नाही. केळीच्या पानावर पंगत, पुढे रांगोळी, वाढायला माणसं, दोन वेळा आग्रह. बघा हं, एकही गोष्ट महागडी नाही. पण सगळं मिळून असं की कोल्हापूरच्या माणसानं फोटो काढावा.

तिनं हिशेब मांडून वडिलांपुढे ठेवला. म्हणाली, "बाबा, मला थाट हवाय आणि कर्ज नकोय. दोन्ही जमतं. फक्त माणसं दीडशे."

कंट्रोलर खूश झाले! आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. गाडीत जागा किती, तितकी माणसं. साठ मुलाकडची, उरली नव्वद. बसले यादी करायला. मंडळी, तुम्ही कधी लग्नाची यादी केलीय? पेटीवाले हसताहेत, त्यांच्या घरी मार्चमध्ये आहे. पहिल्या संध्याकाळी नावं झाली चारशे सतरा. दुसऱ्या संध्याकाळी कापायला बसले, तर चारशे एकोणतीस झाली. कारण एक नाव खोडलं की त्याच्यामुळे दोन आठवतात! तिसऱ्या संध्याकाळी शलाका रडली, शरयूवहिनी गप्प, आणि कंट्रोलर उठून ओटीवर जाऊन उभे राहिले.

तिथे त्यांना सुचलं. आत आले, कोरा कागद घेतला, सुवाच्य अक्षरात एक नियम लिहिला आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. नियम असा — जे घर शलाकाला केळवण करील, त्या घराला लग्नाचं आमंत्रण.

तुम्हाला केळवण माहीत आहे. लग्न ठरलेल्या मुलीला घरी बोलवायचं, पाटाभोवती रांगोळी काढायची, गोडाधोडाचं वाढायचं, ओटी भरायची. जुनी, मायेची रीत. कंट्रोलरांचं म्हणणं, ज्या घरानं आपल्या मुलीसाठी स्वतः चुलीपुढे उभं राहून रांधलं, ते घर आपलं. हल्ली कोण करतं केळवण? फार तर पंधरा घरं. आपोआप नव्वद होतील. कुणाला दुखवायला नको, कुणाला खोडायला नको.

चांगला नियम आहे की नाही? मला विचाराल तर उत्तम आहे. फक्त तो कपाटाच्या आत राहायला हवा होता.

कंट्रोलरांनी तो एकाच व्यक्तीला सांगितला. सख्ख्या बहिणीला. कुमुदआत्याला. आणि सांगताना वर म्हणाले, कुणाला बोलू नकोस.

हसताय कशाला? आत्या कुणालाही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं. भाजी घेताना विचारलं, तुम्ही केळवण केलंत का हो शलाकाचं? नाही? करून टाका, उगाच राहून जायचं. दळण टाकताना विचारलं. बँकेच्या रांगेत विचारलं. रविवारी नियम झाला, मंगळवारी गावाला पाठ!

आणि मग मंडळी, देवरुखात जी माया उफाळली म्हणता! ज्यांनी शलाकाला लहानपणापासून 'ए, बाजूला हो' याखेरीज काही म्हटलं नव्हतं, त्यांना ती लेकीसारखी वाटू लागली. दुपारी एक केळवण, रात्री एक. मग सकाळचंही सुरू झालं. शाळेत जाता जाता पोह्यांचं केळवण! एका घरानं तर शाळेत डबा पाठवला आणि निरोप दिला, हे आमचं केळवण धरा.

कंट्रोलरांना पोटनियम करावे लागले. डबा चालणार नाही. हॉटेल चालणार नाही. पाट हवा, रांगोळी हवी, एक गोड पदार्थ हवा आणि जेवण घरी रांधलेलं हवं. हा कागद पहिल्याखाली चिकटवला. आता तर लोकांना सोपंच झालं, नक्की काय काय लागतं ते कळलं!

पाच आठवड्यांत त्रेचाळीस केळवणं. पोरीची काय अवस्था झाली असेल? लग्नाच्या ब्लाउजची शिलाई दोनदा उसवून झाली. शिंपी म्हणाला, ताई, आता आत कापड उरलं नाही, एक तर लग्न लवकर करा नाहीतर जेवायचं थांबवा.

आता इथे जरा सावध व्हा. इथे गोष्ट वळण घेते.

शलाका चित्रकार. आपण करंजी खातो, ती करंजी बघते. करंजीच्या कडेला बोटांनी दुमडत जी नक्षी घालतात, तिला मुरड म्हणतात. उजव्या हातानं मुरड घातली की ती एका बाजूला झुकते. सगळ्यांच्या करंज्यांची तशीच झुकते. पण बेंडकेवहिनींकडच्या केळवणाला तिनं पाहिलं, मुरड उलट बाजूला झुकलेली. बारीक, एकसारखी, कंगव्यानं ओढल्यासारखी. तिनं विचारलं, वहिनी, या तुम्ही वळल्या? वहिनी म्हणाल्या, "मग कोण गं? पहाटे चारला उठले."

दोन दिवसांनी दुसरं घर. करंजी तीच. उलटी मुरड. विचारलं तर त्या बाईही पहाटे चारला उठलेल्या! चौथ्या घरीही चार. मंडळी, त्या महिन्यात पहाटे चारला देवरुखात एवढ्या बायका उठल्या असत्या, तर देवळात काकड आरतीला जागा मिळाली नसती.

शलाकानं घरी येऊन आईला सांगितलं. शरयूवहिनी भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, त्या सगुणाबाईंच्या आहेत. तिसऱ्या केळवणाला मीही होते, आमटीत त्यांच्या तिरफळाची चव लागली, तेव्हाच ओळखलं. मुलगी म्हणाली, मग बोलली का नाहीस? त्या म्हणाल्या, "मला विचारलं कुणी?"

या सगुणाबाई कोण? मारुतीच्या देवळामागे एका खोलीत राहणारी साठीची बाई. शुभकार्याच्या घरी स्वयंपाकाला जायच्या. हात डावा. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूनं तो हात पळीनं मारून पाहिला, पण हात बदलला नाही, सासूच थकली. गावातल्या प्रत्येक लग्नाला सगुणाबाई होत्या आणि एकाही लग्नाच्या फोटोत त्या नाहीत. का? फोटो निघतो मांडवात, आणि सगुणाबाई मागच्या पडवीत, चुलवणापाशी. या पाच आठवड्यांत त्या पहाटे मागच्या दारानं यायच्या, रांधायच्या, आणि पुढच्या दारानं शलाका आत येण्याआधी मागच्या दारानं निघून जायच्या.

म्हणजे काय झालं, पाहा. कंट्रोलरांच्या नियमानं गावभराची घरं आपली ठरली. आणि जिनं खरोखर त्या मुलीला पाच आठवडे जेवू घातलं, ती त्या कागदावर कुठेच नाही. कारण तिनं स्वतःच्या घरी केळवण केलंच नाही ना! वेळ कुठे होता? ती तुमच्याकडे होती.

इकडे कंट्रोलरांनी बेरीज केली. त्रेचाळीस घरं, त्यांची माणसं दोनशे अकरा. मुलाकडची साठ. दोनशे एकाहत्तर. जागा दीडशे. तीस वर्षांत अशी गाडी त्यांनी भरली नव्हती. पण शब्द दिलेला, नियम लिहिलेला. आता एकही घर गाळता येईना. केटररला विचारलं. तो म्हणाला, एवढ्या माणसांना पंगत, वाढपी, केळीची पानं, तुमच्या पैशांत बसत नाही. बुफे घ्या, थर्माकोलच्या ताटल्या घ्या. आणि देवळाचं पटांगण सोडा, रस्त्याकडेला मांडव घालू, मोगऱ्याऐवजी कापडी फुलं लावू, ती मागच्या लग्नातली आहेत.

एक तर हे. नाहीतर पतपेढीचा कर्जाचा फॉर्म. कंट्रोलरांनी तो आणून टेबलावर ठेवला होता. लग्न बारा तारखेला, उरले होते एकवीस दिवस.

शलाकानं फॉर्म पाहिला. तिची सहा वर्षांची बचत, तिचे ठसे, तिचं पटांगण. एका नियमापायी सगळं जाणार. ती भांडली नाही. फक्त म्हणाली, "बाबा, नियम तुम्ही केलात. मग पाळा तरी नीट. घरी रांधलेलं, असं लिहिलंय तुम्ही. रांधलं कुणी?" आणि तिनं मुरडीची गोष्ट सांगितली.

कंट्रोलरांचे डोळे चमकले! सापडलं! ज्या घरांनी सगुणाबाईंकडून करून घेतलं, ती घरं बाद. बिनतिकीट प्रवासी. उतरवा खाली. आता कोण कोण, ते फक्त सगुणाबाई सांगू शकणार. पेन्सिल घेतली, त्रेचाळीस घरांची यादी घेतली आणि सरळ मारुतीच्या देवळामागे.

सगुणाबाई दारात बसून तिरफळं निवडत होत्या. कंट्रोलरांनी सगळं समजावून सांगितलं. नियम, पोटनियम, मुलीची हौस, कर्जाचा फॉर्म. म्हणाले, तुम्ही बोलू नका, मी नावं वाचतो, तुम्ही फक्त मान हलवा. आणि शेवटी म्हणाले, यादीत पहिलं नाव तुमचं घालतो.

सगुणाबाईंनी सूप खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, "साहेब, पोरीसाठी जीव तुटतोय माझा. पण ज्या घरात मी चूल पेटवते, त्या घराचं मी बाहेर बोलत नाही. कुणाला दम्यामुळे उभं राहवत नाही, कुणाला येतच नाही आणि सुनेपुढे सांगायची लाज वाटते. ते मला माहीत आहे म्हणून त्यांनी मला आत घेतलं."

कंट्रोलर म्हणाले, अहो, पण तुमचंच नाव पहिलं लागेल.

"माझं नाव लावायला दुसऱ्याचं खोडू नका," त्या म्हणाल्या, आणि सूप परत मांडीवर घेतलं.

मंडळी, मी म्हटलं ना, भाव म्हणजे काय ते दाखवायचंय? हे पाहा. ज्या बाईला गावानं मागच्या दारानं आत घेतलं आणि मागच्या दारानं घालवलं, ती बाई त्या गावाची अब्रू मांडीवरच्या सुपासारखी सांभाळून बसलीय. तुम्ही काय केलं असतंत? खरं सांगा. पेन्सिल बाजूला ठेवा म्हटलं असतंत, की यादी इकडे द्या, चष्मा आणते म्हटलं असतंत?

कंट्रोलर घरी आले. जेवले नाहीत. आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा घरात एवढी शांतता पसरली, की शरयूवहिनींची पाळी आली.

त्या म्हणाल्या, "तुमचा नियम राहू दे. मी त्याखाली एक ओळ लिहू?"

त्यांनी लिहिली. आणि दुसऱ्या दिवशी तीच ओळ घेऊन स्वतः घरोघर गेल्या. ओळ अशी होती — शलाकाची फार इच्छा आहे, की तुम्ही केळवणाला तुमच्या हातचा जो पदार्थ केला होता, तोच लग्नाच्या पंगतीला, पंचवीस पानांना पुरेल इतका, तुमच्याच हातचा घेऊन यावं.

लक्षात आलं का? सावकाश घ्या. कुणावर आरोप नाही. कुणाला बाद केलं नाही. फक्त मायेनं विचारलं. आता नाही म्हणायचं कसं? नाही म्हटलं तर त्याचा अर्थ काय होतो? त्रेचाळीसच्या त्रेचाळीस घरांनी होकार दिला! बेंडकेवहिनी तर म्हणाल्या, त्यात काय, पहाटे चारला उठेन.

केटररला अजून विसार दिला नव्हता, त्याला नको म्हणून कळवलं. पतपेढीचा फॉर्म बंबात गेला. भात आणि वरण मामाची माणसं लक्ष्मीकेशवाच्या देवळामागे शिजवणार होती. बाकी पंगत गावाच्या हातची.

आणि होकार देऊन झाल्यावर गाव काय करणार? धावलं मारुतीच्या देवळामागे! पहिल्या बाई गेल्या, म्हणाल्या, सगुणाबाई, बारा तारखेला तेवढं जमवा. सगुणाबाई म्हणाल्या, जमायचं नाही. दुसऱ्या गेल्या, त्यांनी जास्त पैसे देऊ केले. जमायचं नाही. तिसऱ्या वैतागल्या, म्हणाल्या, एवढं काय मोठं काम आहे तुम्हाला त्या दिवशी?

"काम नाही," सगुणाबाई म्हणाल्या. "लग्नाला जायचंय. आमंत्रण आहे."

कारण शरयूवहिनी गावात फिरायला निघाल्या, त्याआधी सगुणाबाईंकडे गेल्या होत्या. पाट मागून घेऊन बसल्या, कुंकू लावलं, अक्षता दिल्या, शलाकानं छापलेली पत्रिका पुढे केली. एकच अट घातली — त्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. सगुणाबाईंनी हात पुसून पुसून कोरडे केले, मग पत्रिका धरली. आणि विचारलं, बसायचं कुठे? इतक्या लग्नांत हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता हो.

आता गावाचं काय? वीस दिवस उरले. सगुणाबाईंनी कुणाला वाऱ्यावर सोडलं नाही. दुपारी एकीला बोलवायच्या, दार लावून शिकवायच्या. ती गेली की दुसरी. वाटेत दोघींची गाठ पडू नये अशा वेळा ठरवल्या होत्या. कंट्रोलरांना जमलं नसतं असं वेळापत्रक! किती जणी शिकायला गेल्या? ते आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही. मला विचारू नका. आमच्याही घरी शलाकाचं केळवण झालं होतं, आणि त्या दिवसांत आमच्याकडे दुपारचा चहा मी करत होतो, एवढंच सांगतो.

बारा तारीख उजाडली. लक्ष्मीकेशवाच्या पटांगणात दीपमाळेला मोगऱ्याचे गजरे. आणि सकाळपासून डबे येऊ लागले. पितळेची पातेली, स्टीलचे डबे, एकाच्या घरातली परात, एकीच्या माहेरची कासंडी. झाकणं उघडली. आमट्यांचे प्रकार मोजता येईनात. एक आंबट, एक गोड, एकीत तिखट असं की मुलाकडचे कोल्हापूरचे पाहुणे प्रथमच समाधानी दिसले! आणि करंज्या. शलाकानं सगळ्या करंज्या मोठ्या परातींत स्वतः मांडल्या. एकीची मुरड जाड, एकीची नाजूक, एक फुटलेली, एकीनं घाबरून दोनदा घातलेली. एक दुसरीसारखी नाही. निनादची आई परातीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, अशी मांडणी आमच्याकडे पैसे देऊन मिळत नाही. तिला काय सांगणार, की पैसे देऊ करून पाहिले होते, इथेही मिळत नाही!

ज्यांनी केलं, त्याच वाढायला उभ्या राहिल्या. काठापदराच्या साड्या, कमरेला पदर खोचलेले, आणि चेहऱ्यावर भीती. आपली आमटी कुणाच्या पानात पडते, तो काय म्हणतो, याकडे सगळ्यांचं लक्ष. मांडवात अशा वाढणाऱ्या असताना कुणी पोटभर जेवणार नाही? दोनशे एकाहत्तर माणसं जेवली. कर्ज नाही. केटरर नाही. आणि थाट असा, की मुलाकडच्या माणसांनी करंजीचे फोटो आधी काढले, नवरा-नवरीचे नंतर.

पहिल्या पंगतीत सगुणाबाई बसल्या होत्या. शरयूवहिनींनी हात धरून बसवलं होतं. पानावर सगळं वाढून झालं, पण त्या जेवेनात. त्यांची नजर शेजारच्या पानावर. तिथला भात संपलाय, कुणाचं लक्ष नाही. पलीकडे कुणाला ताक हवंय. त्या दोनदा उठायला लागल्या, दोनदा बेंडकेवहिनींनी खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं.

तेवढ्यात भाताचं ताट घेऊन स्वतः कंट्रोलर आले. तीस वर्षं खिडकीत बसलेला माणूस, कमरेत वाकला आणि म्हणाला, सगुणाबाई, थोडा भात.

त्यांनी पानावर आडवा हात धरला. सवयच ती. म्हणाल्या, "बेतानं वाढा, साहेब. मागे किती पानं आहेत अजून?"

कंट्रोलर म्हणाले, "मोजली नाहीत."

आणि त्यांनी हात बाजूला सारून वाढलं.

तर मंडळी, प्रश्न होता, आपलं माणूस कोण. मी उत्तर देत नाही. तुमच्या घरी कार्य निघेल तेव्हा खुशाल दीडशेच माणसं बोलवा. कमी खर्चात देखणं लग्न करायला शहाणपण लागतं आणि त्याला देवाची ना नाही. फक्त यादी करायला बसाल तेव्हा मांडवाकडे तोंड करून बसू नका. जरा मागच्या पडवीकडे तोंड करून बसा.

आता उठायची घाई दिसतेय, कारण शिऱ्याचा वास सुटलाय. आजचा प्रसाद कुणाच्या नावानं आहे, ते फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, आणि तुम्ही सगळ्यांनी आत येताना ते वाचलंय. तो कुणाच्या हातचा आहे, हे एकानं तरी विचारलंय का? विचारून या. मी थांबतो. ते नाव कळलं, की मग आपण गजर करू.